सैल कातडी, सुरकुत्या आणि क्रीमचा बाजार

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेतील भाषणाचा लेखी मसुदा)



कातडी सैल पडणे, सुरकुत्या येणे, मांड्यांवर खळगे दिसणे हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काहींना वाटेल. शिक्षणाचे आणि रोजगाराचे मोठे प्रश्न समोर असताना कातडीची चर्चा कशाला? परंतु महिला वर्गात आम्ही आरोग्याविषयी बोलू लागलो की रक्तदाब आणि मधुमेह यांच्यानंतर हा प्रश्न हमखास येतो, आणि तो नेहमी दबक्या आवाजात येतो. चारचौघांत विचारायची लाज वाटते, मग उत्तर जाहिरातीत शोधले जाते. बिशीचे, बचत गटाचे, प्रसंगी मुलांच्या फीसाठी ठेवलेले पैसे अशा वेळी खर्ची पडतात. त्याहून वाईट म्हणजे काही क्रीममुळे कातडी आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. म्हणून हा विषय उघडपणे मांडायचे आम्ही ठरविले.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सुरकुती, सैल कातडी आणि मांडीवरचे खळगे हे शरीराच्या रचनेचे आणि वयाचे परिणाम आहेत, आजार नाहीत. त्यांवर जे थोडेफार उपयोगी पडते ते बहुतेक स्वस्त आहे, आणि जे महाग आहे त्यातले बरेचसे निरुपयोगी आहे.

कातडी सैल का पडते?

आपली त्वचा दिसते तशी एकच चादर नाही. वर पातळ बाह्यत्वचा, तिच्याखाली जाड अंतस्त्वचा आणि तिच्याही खाली चरबीचा थर अशी तिची रचना आहे. अंतस्त्वचेला बळकटी देणारे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. ताणून सोडलेली कातडी पुन्हा जागेवर आणणारे तंतू इलॅस्टिनचे असतात. नवा मोजा पायाला घट्ट बसतो आणि दोन वर्षे वापरलेला मोजा घोट्यावर घसरतो. कातडीचेही तसेच होते.

विशीनंतर कोलॅजन हळूहळू घटत जाते. ढोबळ मानाने वर्षाला एक टक्का असे धरतात. स्त्रियांची पाळी थांबल्यानंतर ही घट एकदम वाढते आणि पहिल्या पाच वर्षांत सुमारे ३० टक्के कोलॅजन कमी होते. शिवाय वयाबरोबर चेहऱ्याची हाडे थोडी झिजतात आणि गालाखालची चरबीही ओसरते. म्हणजे वरचे कापड सैल होते आणि आतला आधारही कमी होतो. बाळंतपणानंतरचे पोट किंवा वजन झपाट्याने उतरल्यानंतरचे दंड लोंबतात त्यामागेही हेच कारण आहे. फार दिवस ताणलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. अंगावरच्या पांढऱ्या रेषाही त्या ताणाच्याच खुणा होत. वाढीच्या वयात त्या मुलींच्या मांड्यांवर आणि मुलांच्या पाठीवरही उमटतात.

वयाखालोखाल मोठे कारण ऊन. अमेरिकेतील एका ६९ वर्षांच्या मालमोटार चालकाचे छायाचित्र २०१२ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. त्याने २८ वर्षे गाडी चालविली होती. तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून खिडकीकडच्या डाव्या गालावर जाड, खोल सुरकुत्या आणि उजवा गाल त्या मानाने नितळ! माणूस एक, वय एक, पण दोन गालांत अनेक वर्षांचे अंतर दिसते. उन्हातील अतिनील किरणांपैकी एक प्रकार काचेतूनही आत येतो आणि कोलॅजनपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा आपल्या एस.टी. आणि ट्रकचालक बांधवांनी उजवा गाल आणि उजवा हात जपावा.

तिसरे कारण धूम्रपान. बिडी-सिगारेटमुळे कातडीला होणारा रक्तपुरवठा घटतो आणि कोलॅजन लवकर झिजते. मिश्री आणि गुटख्याचा धोका तर तोंडाच्या कर्करोगापर्यंत जातो, हे येथे वेगळे सांगावयास नको.

खळग्यांची कहाणी

आता मांड्यांवरच्या आणि नितंबांवरच्या खळग्यांकडे वळू. जाहिरातीत यालाच सेल्युलाइट म्हणतात. वयात आलेल्या स्त्रियांपैकी ८० ते ९० टक्के स्त्रियांत ते कमी-अधिक प्रमाणात असते. जाड स्त्रीत असते तसे सडपातळ स्त्रीतही असते. शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणींना जे असते त्याला रोग म्हणायचे, तर निरोगी कोणाला म्हणायचे?

याची रचना समजण्यासाठी कापसाची गादी डोळ्यांसमोर आणा. कापूस एका जागी गोळा होऊ नये म्हणून गादीला ठिकठिकाणी टाके घालतात. टाका बसतो तेथे खळगा पडतो आणि दोन टाक्यांच्या मध्ये कापूस फुगतो. मांडीतही असेच असते. कातडीला खालच्या थराशी बांधून ठेवणारे तंतू म्हणजे टाके आणि मधली चरबी म्हणजे कापूस. १९७८ साली न्यूर्नबर्गर आणि म्युलर या दोन जर्मन संशोधकांनी स्त्री-पुरुषांच्या मांडीतील या तंतूंची तुलना केली. स्त्रियांत ते बरेचसे उभे आणि पुरुषांत आडवेतिडवे जाळीसारखे आढळले. उभ्या टाक्यांमधून चरबी वर फुगते, जाळीतून तशी फुगत नाही. पुढे एम.आर.आय. तपासण्यांत हे चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसले, पण मूळ मुद्दा टिकून राहिला. या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच सेल्युलाइटला शोधून काढलेला, म्हणजे बनविलेला, आजार म्हटले होते.

हा आजार बनविला कोणी? हा शब्द फ्रान्समध्ये १८७३ च्या एका वैद्यकीय शब्दकोशात आला. तेथील सौंदर्यगृहांनी आणि मासिकांनी पुढे तो उचलला. १९६८ साली ‘व्होग’ या फॅशन मासिकाने तो अमेरिकेतील वाचकांपर्यंत नेला आणि १९७३ साली निकोल रोन्सार्ड यांचे त्यावरचे पुस्तक तेथे गाजले. स्त्रियांच्या मांड्या पूर्वीही तशाच होत्या. त्यांना नाव मिळाले, नावाबरोबर लाज आली आणि लाजेच्या मागोमाग औषधविक्रेता आला. आधी दुखणे विकायचे आणि मग औषध विकायचे, ही बाजाराची रीत विद्यार्थ्यांनी नीट ओळखून ठेवावी.

कोणता उपाय किती खरा?

पहिला उपाय क्रीमचा. गादीच्या खोळीवर कितीही तेल चोळले तरी आतले टाके सैल होत नाहीत. कॅफिन असलेल्या क्रीमने किंवा मालिशने कातडी काही तास घट्ट वाटते आणि परत जैसे थे होते. कोलॅजन क्रीमचे गणित तर शाळेतल्या मुलालाही कळेल. साधारण ५०० डाल्टनहून मोठा रेणू धड कातडीतून आत जाणे कठीण असते. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा. हत्तीला सुईच्या नेढ्यातून ओवण्यासारखाच हा प्रकार! कोलॅजनची पावडर प्यायली तर पोटात तिचे इतर प्रथिनांसारखेच पचन होऊन तुकडे होतात. तिच्या बाजूने दाखविले जाणारे बरेच अभ्यास विक्रेत्या कंपन्यांच्या पैशाने झालेले आहेत, हे विसरू नये.

दुसरा उपाय यंत्रांचा आणि सुयांचा. चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेने खळगे जात नाहीत, उलट कातडी अधिक उंचसखल होऊ शकते. टाक्यासारखे तंतू कातडीखालून तोडण्याच्या पद्धतीने काही जणींना फायदा होतो, परंतु ते काम प्रशिक्षित डॉक्टरचेच आहे आणि खर्चिक आहे. अमेरिकेत तंतू विरघळविणाऱ्या एका इंजेक्शनला जुलै २०२० मध्ये सरकारी मान्यता मिळाली. मोठा गाजावाजा झाला. पण त्याने कातडीखाली रक्त साकळून मोठे काळेनिळे डाग पडत आणि रंग बदललेला राही, म्हणून २०२२ च्या अखेरीस कंपनीनेच त्याची विक्री थांबविण्याचे जाहीर केले. अमेरिकेसारख्या देशात मान्यता मिळालेल्या औषधाची ही गत, तर गल्लीतल्या पार्लरमधील बिननावाच्या सुईवर आपण विश्वास कसा ठेवायचा?

तिसरा उपाय खरा, पण मर्यादित. जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनणारे ट्रेटिनॉइन हे मलम बारीक सुरकुत्या आणि उन्हाचे डाग कमी करते. फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये याविषयी निबंध प्रसिद्ध केला आणि १९९५ साली अमेरिकेत त्या कामासाठी मलमाला मान्यता मिळाली. मात्र गुण यायला महिने लागतात, कातडी सोलते, ऊन सोसत नाही आणि गरोदरपणात ते वापरायचे नसते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. लोंबणारी कातडी मात्र त्यानेही वर उचलली जात नाही.

चौथा उपाय सर्वांत चांगला आणि सर्वांत स्वस्त, तो म्हणजे सावली. ऑस्ट्रेलियातील नॅम्बोर गावी १९९२ ते १९९६ या काळात केलेल्या प्रयोगात ५५ वर्षांखालील ९०३ जणांच्या हाताच्या कातडीचे ठसे तपासले. ज्यांनी रोज सनस्क्रीन लावले त्यांच्या कातडीवर साडेचार वर्षांत वयाची वाढ दिसून आली नाही, आणि इतरांच्या तुलनेत त्यांच्यात ती २४ टक्क्यांनी कमी होती. परवडत असेल त्यांनी सनस्क्रीन जरूर लावावे. न परवडणाऱ्यांनी खंत करू नये. उसाच्या फडात आणि कापसाच्या रानात राबणाऱ्या आपल्या आयाबहिणी साडीवर पुरुषाचा शर्ट घालतात आणि डोक्याला फडके बांधतात. शहरातले लोक त्याला हसतात, पण लांब बाह्या, डोक्यावर कापड आणि भर दुपारी सावली यांहून शहाणपणाचा उपाय दुसरा नाही. सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून काही प्रमाणात राखण करते, त्यामुळे आपल्याकडे सुरकुत्या गोऱ्या लोकांच्या मानाने उशिरा येतात. सावळेपणाला नाक मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

याशिवाय उठाबशा, जिने चढणे आणि भरभर चालणे यांनी मांडीचे स्नायू भरतात. खळगे पूर्ण जात नाहीत, पण खालून आधार मिळाला की ते कमी दिसतात. वजन उतरवायचे तर सावकाश उतरवावे. उपासमार करून किंवा मनाने इंजेक्शन घेऊन पटापट उतरविले की कातडी लोंबते. जेवणात डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडी, मासे असावेत. शरीराला कोलॅजन बनविण्यास जीवनसत्त्व ‘क’ लागते आणि ते आवळा, पेरू, लिंबू यांत भरपूर असते. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल, पेट्रोलियम जेली किंवा साधे मॉइश्चरायझर लावले की कोरडी कातडी मऊ होते आणि बारीक सुरकुत्या दिवसभर कमी उठून दिसतात. घरातल्या वृद्धांसाठी हे आवर्जून करावे, कारण त्यांची कातडी कोरडी पडून खाजते आणि चटकन फाटते.

सौंदर्याचा नव्हे, आरोग्याचा प्रश्न

काही लक्षणे मात्र दिसण्यापुरती मानून चालणार नाहीत.

१. स्तनाची कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली तर ते स्तनाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. मांडीवरच्या खळग्यांनाही संत्र्याच्या सालीची उपमा देतात, म्हणून गल्लत होते. स्तनावर असे दिसल्यास लाज बाजूला ठेवून त्वरित रुग्णालयात जावे.

२. पाय लाल, गरम, सुजलेला आणि दुखरा होऊन ताप आला तर तो सेल्युलायटिस, म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो. सेल्युलाइटशी नाव जुळते म्हणून दुर्लक्ष करू नये. याला लवकर उपचार लागतात.

३. एकच पाय सुजत असेल तर शिरेत रक्ताची गाठ किंवा हत्तीरोग याची तपासणी करावी. पूर्व विदर्भातील बांधवांना हत्तीरोग अपरिचित नाही.

४. काही प्रयत्न न करता वजन घटून कातडी लोंबू लागली तर मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी.

५. पोटाच्या किंवा मांडीच्या घडीत वारंवार पुरळ उठत असेल तर घडी कोरडी ठेवावी, सुती कापड वापरावे आणि साखर तपासावी.

पुरळावर औषधाच्या दुकानातून आणलेले ‘झटपट’ मलम लावू नये, कारण अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. ते बरेच दिवस लावले की कातडी कागदासारखी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि कायमच्या रेषा पडतात. गोरे होण्यासाठी मुली हीच मलमे महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावतात. म्हणजे कातडी सुधारण्यासाठी घेतलेले मलम कातडीला अकाली म्हातारी करते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ती सर्रास मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील एका रुग्णालयात जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. अशा क्रीममधील पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर बसतो. पाय आणि चेहरा सुजू लागला, लघवीला फेस येऊ लागला, तर डॉक्टरांना वापरत असलेले क्रीम दाखवावे.

कायद्याचा आधार

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे अंग स्वच्छ करण्यासाठी, खुलविण्यासाठी किंवा रूप बदलण्यासाठी लावायची वस्तू. रोग बरा करणे हे तिचे काम नव्हे. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने लठ्ठपणा बरा करण्याच्या आणि स्त्रीच्या स्तनांचा आकार बदलण्याच्या जाहिरातींना बंदी आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.

म्हणून डबी घेताना उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि मुदत पाहावी. यांतले काही नसेल तर डबी दुकानदाराला परत करावी. पावती मागायला लाजू नये. क्लिनिकमध्ये आगाऊ पॅकेज घेण्यापूर्वी डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी विचारावी. आमच्या परिचयाच्या एका ताईंनी एका ठिकाणी दहा बैठकांचे पैसे आगाऊ भरले. चौथ्या बैठकीपर्यंत मांडीवर भाजल्याचा डाग राहिला आणि पैसे परत मागितले तर पावतीच नव्हती. अशा ताई एकट्या नाहीत.

लाज कोठून येते?

इतके सांगूनही एक प्रश्न उरतोच. ही लाज आपल्या मनात कोणी घातली? सगळा दोष बाजारावर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. रापलेली कातडी म्हणजे हलके काम आणि हलके काम म्हणजे हलकी माणसे, ही समजूत या समाजात फार जुनी आहे आणि तिचे चटके आपल्या मागच्या पिढ्यांनी सोसले आहेत. ज्या आजीच्या हातावरच्या सुरकुत्यांतून आपली फी भरली गेली, त्या हाताची नातवंडांना लाज वाटावी काय?

वैशालीची आम्रपाली आपल्या रूपासाठी प्रसिद्ध होती. पुढे ती भिक्खुणी झाली आणि म्हातारपणी केसांपासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचे पूर्वीचे आणि आताचे रूप तिने गाथांतून मांडले. त्या गाथा थेरीगाथेत आजही वाचावयास मिळतात. जिच्या रूपाची कीर्ती दूरवर पसरली होती, ती आपल्या सुरकुत्या मोकळेपणाने सांगते, ही गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावी. नीटनेटके राहू नये, असे आम्ही म्हणत नाही. आवडेल ते तेल लावावे, आवडेल तो रंग नेसावा. पण स्वतःच्या शरीराचा तिटकारा करून कर्ज काढू नये.

शेवटी मंडळाला आमच्या तीन सूचना आहेत. वर्षातून एकदा त्वचारोगतज्ज्ञांना बोलावून तपासणीचा दिवस ठेवावा. महिला वर्गात घरातल्या क्रीमच्या डब्या आणून त्यांवरील मजकूर सर्वांनी मिळून वाचावा. शाळा-कॉलेजच्या मुलींनी तो मोठ्यांना वाचून दाखवावा. आणि तिसरी सूचना मनापासून आहे. वधू-वर परिचय मेळाव्याच्या अर्जात ‘वर्ण’ आणि ‘बांधा’ हे रकाने असतील तर ते काढून टाकावेत. त्या जागी शिक्षण, काम आणि आवड यांना दोन ओळी जास्त द्याव्यात. या सुधारणेला पैसा लागत नाही, फक्त ठराव लागतो, आणि तो याच सभागृहात होऊ शकतो.

 ज्या भगिनींना काही विचारायचे असेल त्यांनी आता मोठ्या आवाजात विचारावे, एवढे सांगून आमचे चार शब्द संपवितो.

जय भीम!